बार्लोचा चाकू

मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाची ‘टॉम सॉयर’ ही कादंबरी १८७६ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील टॉम हा खोडकर मुलगा रविवारच्या शाळेसाठीं बायबलांतील वचनें पाठ करावयास बसतो, आणि तीं कांहीं केल्या त्याच्या डोक्यांत शिरत नाहींत. अखेरीस त्याची मावसबहीण मेरी त्याला बक्षिसाचें आमिष दाखविते, आणि वचनें पाठ होतांच त्याच्या हातावर एक कोरा चाकू ठेवते. किंमत साडेबारा सेंट. डॉलरच्या जागीं रुपया धरला, तर आपल्या जुन्या आण्यांच्या हिशेबानें ही बरोबर एक चवली होते. त्या चाकूनें धड कांहीं कापलें जात नाहीं; पण टॉमला त्याचें कांहींच वाटत नाहीं. चाकू ‘बार्लो’ आहे, एवढें त्याला पुरेसें आहे. असल्या चाकूचीहि कोणी नक्कल करील आणि त्या नकलेनें मूळ मालाचें नुकसान होईल, ही शंका पोरांच्या डोक्यांत कोठून आली असावी, असें मिस्किल आश्चर्य लेखक तेथें व्यक्त करतो.

त्या थट्टेला आतां दीडशें वर्षें होत आलीं. मधल्या काळांत गंमत अशी झाली कीं, पोरांची शंका खरी ठरली. चवलीचा हा चाकू आज अमेरिकेंत व इंग्लंडांत मोठ्या आस्थेनें जमविला जातो, त्याच्या नकला होतात, आणि खरा कोणता व खोटा कोणता हें ओळखण्याची एक विद्याच तयार झाली आहे. इतकी साधी वस्तु इतक्या मोलास कशी चढली, आणि ती जमविणारे नेमकें काय जमवितात, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

प्रथम हा चाकू कसा असतो तें पाहूं. बार्लो हा घडीचा, खिशांत मावणारा चाकू होय. मिटलेला असतां त्याची लांबी साधारण साडेतीन इंचांच्या आंतबाहेर भरते. मूठ मागच्या टोकाला रुंद व गोलसर, आणि पुढें निमुळती होत आलेली असते. ओघळणाऱ्या थेंबाचा आकार डोळ्यांपुढें आणावा. पातें ज्या खिळ्यावर फिरतें त्या टोकाला मुठीच्या दोन्ही अंगांस लोखंडाचा जाड भाग असतो. त्यास कारागीर बोल्स्टर म्हणतात. इतर चाकूंत हा भाग आंखूड असतो. बार्लोंत तो मुठीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो, आणि बहुधा त्याच्यावरच ‘बार्लो’ हीं अक्षरें ठोकलेलीं असतात. चाकूवर जोर पडतो तो खिळ्यापाशीं, आणि स्वस्त चाकू प्रथम मोडतो तो तेथेंच. म्हणून कारागिरानें सारें बळ तेथें घातलें आणि इतरत्र काटकसर केली. मागच्या टोकाला बोल्स्टर नाहीं, मुठीवर चांदीची पट्टी नाहीं, नक्षी नाहीं. मुठीच्या फळ्या जनावराच्या हाडाच्या. करवतीच्या रेघा त्यांच्यावर तशाच दिसत. पातें एक किंवा दोन. दोन असल्यास दोन्ही एकाच टोकाला. गरिबाला परवडेल आणि तरी मोडणार नाहीं, असा हा हिशेब होता.

हा हिशेब ज्या गांवांत मांडला गेला तें इंग्लंडांतील शेफील्ड होय. चाकूंसाठीं या गांवाची ख्याति फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीनें आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्यें एका गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचा चाकू खोंवलेला दाखविला आहे. गांवाभोंवतीं डॉन, शीफ, रिव्हेलिन, लॉक्सली व पोर्टर अशा पांच नद्या उतारावरून वाहतात. त्यांच्या पाण्यावर चाकें फिरत आणि चाकांवर सहाणेचे दगड. दगडहि जवळच्या टेकड्यांतून निघे. १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें तेथें चाकू बनविणाऱ्यांची ‘कटलर्स कंपनी’ स्थापन झाली. प्रत्येक उस्तादानें आपली खूण कंपनीच्या दप्तरीं नोंदवावी, आणि एकाची खूण दुसऱ्यानें वापरूं नये, असा नियम होता. चाकूच्या पात्यावरची खूण वाचून त्याचें घराणें सांगण्याची आजची विद्या या दप्तरांतूनच निघाली आहे.

बार्लो घाटाचें जनकत्व सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ओबाडाया बार्लो या शेफील्डच्या कारागिराकडे देण्यांत येतें. त्याच्या वंशजांनीं हा धंदा पुढें चालविला. इतर कारागिरांनींहि तो घाट उचलला, आणि एका माणसाचें आडनांव हें एका जातीच्या चाकूचें सामान्यनाम होऊन बसलें. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें त्याच परिसरांत मुशींत पोलाद वितळविण्याची रीति काढली आणि शेफील्डच्या पात्यांना एकजिनसी, उत्तम पोलाद मिळूं लागलें. गांवच्या कारागिरांना हें पोलाद प्रथम फार कठीण वाटलें व त्यांनीं तें घेतलें नाहीं. फ्रेंचांनीं घेतलें, तेव्हां मग यांचे डोळे उघडले, असें सांगतात.

एक चाकू अनेक हातांतून जाई. लोहार पातें घडवी, धारवाला तें सहाणेवर घासी, आणि जुळणी करणारा कारागीर पातें, कमान, पत्रे व मुठीच्या फळ्या खिळ्यांनीं एकत्र बसवी. कमान आणि पातें यांचा मेळ असा जमावा लागे कीं, चाकू उघडतांना व मिटतांना टक् असा स्पष्ट आवाज यावा, आणि पातें मिटल्यावर त्याची धार कमानीवर आपटूं नये. यासाठीं मोजमापाचें यंत्र नव्हतें. कानस, डोळा आणि कान एवढींच साधनें. एखादी खोली किंवा खोलीचा कोपरा भाड्यानें घेऊन स्वतंत्रपणें काम करणाऱ्या कारागिरास तेथील बोलींत ‘लिटल मेस्टर’ म्हणजे छोटा उस्ताद म्हणत. मोठमोठ्या पेढ्यांच्या नांवानें विकला जाणारा पुष्कळसा माल या छोट्या उस्तादांच्या हातचा असे.

या मालाची एक किंमत बाजारांत सांगितली जात नसे. धारवाले दगडावर ओणवे होऊन काम करीत आणि दगडाची व पोलादाची धूळ त्यांच्या फुफ्फुसांत जाई. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांनीं या रोगाचा अभ्यास केला होता. फ्रीड्रिख एंगल्स यानें इंग्लंडांतील कामगारवर्गाविषयींच्या आपल्या १८४५ सालच्या पुस्तकांत त्यांचा आधार घेतला आहे. कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचें सरासरी आयुष्य पस्तीस वर्षांचें, आणि ओल्या दगडावर काम करणाऱ्यांचें क्वचितच पंचेचाळिसाच्या पुढें, असा त्यांचा अनुभव होता. कांटे व सुया कोरड्या दगडावर होत. चाकूंचें बरेंचसें काम ओल्यावर होई. म्हणजे चाकूवाला त्यांतल्या त्यांत सुदैवी! धूळ ओढून नेणारीं साधनें निघालीं, तेव्हां कित्येक धारवाल्यांनींच त्यांना विरोध केला. मरणाचें भय कमी झालें तर धंद्यांत माणसें वाढतील आणि मजुरी उतरेल, अशी त्यांना धास्ती होती. पोटासाठीं माणसाला कोणता हिशेब करावा लागतो, याचें याहून कठोर उदाहरण क्वचितच सांपडेल. जुन्या बार्लोचें पातें हातांत घेणाऱ्यानें त्या पात्यावर वांकलेला हा माणूस विसरतां कामा नये.

शेफील्डच्या चाकूशीं आपला संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. इंग्रजी भाषेंत छोट्या चाकूला जें ‘पेननाइफ’ हें नांव पडलें तें पिसाची लेखणी तासण्याच्या कामावरून. आपल्या शाळांतून बोरूची लेखणी होती. बोरू नीट तासून, त्याच्या टोकाला तिरपा छेद देऊन, कित्त्याचें वळण साधेल अशी लेखणी तयार करणें ही एक कलाच होती, आणि त्यासाठीं चांगल्या धारेचा चाकू लागे. जोसेफ रॉजर्स आणि सन्स या शेफील्डच्या नामांकित पेढीचा माल हिंदुस्थानांतहि येई. तारा आणि माल्टाचा क्रूस ही तिची खूण होती. उलट दिशेनें आपल्या अरण्यांतील सांबरांचीं गळलेलीं शिंगें जहाजांनीं शेफील्डला जात आणि तेथील भारी चाकूंच्या मुठी होत. हा व्यापार दीर्घकाळ चालला. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारत सरकारनें शिंगांच्या निर्यातीला बंदी केली. बार्लोला मात्र शिंगाचा मान क्वचितच मिळे. त्याच्या नशिबीं हाडच.

बार्लोचें खरें भाग्य उघडलें तें अमेरिकेंत. वसाहतींच्या काळापासून शेफील्डचे चाकू तिकडे जात होते. शेतकरी, नावाडी, फिरते व्यापारी आणि शाळकरी मुलें यांच्या खिशांत तो असे. दोरी कापावी, सफरचंद सोलावें, लांकूड तासून शिटी करावी, झाडाच्या खोडावर नांव कोरावें, हीं त्याचीं कामें. १८३४ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ग्रीनफील्ड येथें जॉन रसेल यानें ‘ग्रीन रिव्हर वर्क्स’ हा कारखाना काढला. पुढें १८७० च्या सुमारास तो जवळच टर्नर्स फॉल्स येथें गेला, आणि १८७५ पासून तेथें बार्लो बनूं लागला. बोल्स्टरवर ‘आर’ हें अक्षर आणि त्यांतून आरपार गेलेला बाण, ही रसेलची खूण. एका पात्याचा चाकू पंधरा सेंटांस, दोन पात्यांचा पंचवीस सेंटांस. अमेरिकेंतील दोन-तीन पिढ्यांना बार्लो म्हटलें कीं हाच चाकू आठवे.

येथें एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. ‘टॉम सॉयर’ जरी रसेलच्या बार्लोच्या आगेंमागेंच प्रसिद्ध झाली, तरी तिच्यांतील काळ त्यापूर्वीं तीस-चाळीस वर्षांचा आहे. म्हणजे टॉमच्या हातांतील चाकू रसेलचा असणें शक्य नाहीं. तो शेफील्डचा असला पाहिजे, किंवा टॉमच्या सोबत्यांना शंका होती तशी कोणीतरी केलेली नक्कल. ‘हकलबरी फिन’ ही ट्वेनची पुढची कादंबरी १८८४ सालीं इंग्लंडांत व पुढच्या वर्षीं अमेरिकेंत निघाली. तींतहि पुरांत वाहून आलेल्या एका घरांत हकला नवा कोरा बार्लो सांपडतो. त्याची किंमत तो कोणत्याहि दुकानांत दोन ‘बिट’ सांगतो. ‘बिट’ म्हणजे डॉलरचा आठवा भाग. जुन्या स्पॅनिश नाण्यांवरून हा हिशेब आला. तेव्हां टॉमचा चाकू एका बिटाचा, हकचा दोन बिटांचा. एक चवलीचा, दुसरा पावलीचा. टॉमच्या चाकूनें कांहीं कां कापलें जात नव्हतें, याचा उलगडा कदाचित् या निम्म्या किंमतींतच असेल.

शेफील्डची अमेरिकेंतील पेठ पुढें लवकरच बसली. १८९० सालच्या मॅकिन्ले कायद्यानें परदेशी मालावर जबर जकात बसविली, आणि परदेशी मालावर तो बनविणाऱ्या देशाचें नांव घातलें पाहिजे, असें ठरविलें. हा नियम १८९१ सालीं अमलांत आला. शेफील्डच्या अनेक कारखान्यांवर त्यामुळें संकट कोसळलें; पण संग्राहकांच्या हातीं मात्र काळ ओळखण्याची एक किल्ली आली. अमेरिकेंत गेलेल्या शेफील्डच्या चाकूवर ‘इंग्लंड’ हें नांव नसेल, तर तो बहुधा त्या कायद्यापूर्वींचा, असा तर्क करतां येतो. जो शिक्का एका गांवाच्या धंद्यावर घाव घालण्यासाठीं आला, तोच आज त्या धंद्याचा इतिहास सांगण्याच्या उपयोगीं पडतो.

पुढें रसेलचा बार्लोहि बंद झाला. १९३३ सालीं रसेलचा कारखाना हॅरिंग्टन या दुसऱ्या कारखान्यांत मिळून गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हा बार्लो बाजारांत उरला नाहीं. तोंपर्यंत तो कोणी जपून ठेवला नव्हता, कारण तो जपून ठेवण्याची वस्तुच नव्हती. धार लावून लावून पातें काडीएवढें झालें कीं चाकू टाकून द्यावयाचा आणि नवा घ्यावयाचा. लाखों माणसांनीं वापरलेली वस्तु दुर्मिळ होते ती अशी. श्रीमंताच्या पेटींतील हस्तिदंती चाकू पिढ्यान् पिढ्या सुरक्षित राहतात. गरिबाच्या खिशांतील हाडाचा चाकू झिजून नाहींसा होतो.

अमेरिकेंत जुने खिशांतले चाकू जमविण्याचा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संघटित झाला. १९६८ सालीं बंदुकींच्या खरेदीविक्रीवर निर्बंध आले, आणि जत्रांतून जुन्या बंदुकी विकणारे पुष्कळ व्यापारी चाकूंकडे वळले, असें म्हणतात. १९७२ सालीं चाकू-संग्राहकांची राष्ट्रीय संस्था निघाली. पेन्सिल्व्हानियांतील ब्रॅडफर्ड येथील केस या कारखान्यानें तर १९७० पासून संग्राहकांची मोठीच सोय केली. त्या वर्षीं पात्याच्या बुडाशीं ‘यू. एस. ए.’ या अक्षरांखालीं दहा ठिपके ठोकले, आणि दरवर्षीं एक ठिपका कमी केला. ठिपके मोजा कीं साल कळलें. त्यांच्या चाकूंना आंकडेहि असतात. बार्लोचा आंकडा ६२००९: पहिला सहा म्हणजे मूठ हाडाची, पुढचा दोन म्हणजे पातीं दोन, आणि उरलेला भाग म्हणजे बार्लोचा घाट.

जेथें किंमत वाढते तेथें लबाडी येतेच. मोडलेलें पातें काढून दुसऱ्या चाकूचें पातें बसविणें, नव्या पात्यावर जुन्या कारखान्याचा शिक्का ठोकणें, नव्या हाडाला चहाच्या पाण्यांत उकळून जुनेपणा आणणें, असे प्रकार होतात. म्हणून जाणता संग्राहक चाकू हातीं आल्यावर प्रथम मुठीच्या शोभेकडे पाहत नाहीं. तो पातें उघडून बुडाशीं असलेला शिक्का वाचतो. मग पातें डावीकडे-उजवीकडे डोलतें काय हें बोटानें अजमावतो. उघडण्याचा व मिटण्याचा आवाज ऐकतो. पात्याची रुंदी मूळची आहे कीं धार लावून घटली आहे, हें तो खांचेपासून धारेपर्यंतचें अंतर पाहून ठरवितो. दोन पातीं असतील तर दोघांचा काळोखी रंग सारखा आहे काय, हें तपासतो. पन्नास वर्षें एकाच खिशांत राहिलेलीं दोन पातीं एकाच वयाचीं दिसलीं पाहिजेत. एक काळें आणि एक चकचकीत असेल, तर त्यांतील एक पाहुणें आहे. खिळ्यांचीं डोकीं नव्यानें ठोकलेलीं दिसलीं तर चाकू केव्हांतरी उकललेला आहे, असें समजावें.

अज्ञानानेंहि लबाडीइतकाच नाश होतो. जुनें पोलाद काळवंडतें तें त्याचें वय होय. तें घासून आरशासारखें करणारा माणूस शिक्क्याचीं अक्षरेंहि घासून टाकतो. गंज मात्र राहूं देऊं नये; तेलाचा हलका हात देऊन तो हळूहळू काढावा. चाकू चामड्याच्या म्यानांत वर्षानुवर्षें ठेवूं नये, कारण कातडें कमावण्याच्या द्रव्यांनीं पात्याला डाग पडतात. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे ठेवावेत. तें द्रव्य जुनें झालें कीं विघटूं लागतें, आणि त्यांतून निघणाऱ्या वायूनें शेजारचीं पातींहि गंजतात. कोंकण किनाऱ्यासारख्या दमट हवेंत तर पावसाळ्यापूर्वीं व नंतर प्रत्येक पातें पुसून, तेलाचा पातळ थर देऊन ठेवणें अवश्य आहे.

एका प्रश्नावर मात्र संग्राहकांत जुना वाद आहे. कधींहि न वापरलेला, कारखान्यांतून निघाला तसाच राहिलेला चाकू उत्तम मानावा, कीं धार लावून झिजलेला, एखाद्या शेतकऱ्याच्या हातानें गुळगुळीत झालेला चाकू? बाजार पहिल्याला मोठी किंमत देतो. पहिला बनविणाऱ्याचें कसब जसेंच्या तसें दाखवितो, हें खरें. पण बार्लोचा जन्म वापरासाठीं झाला, आणि झिजलेलें पातें त्याच्या कामाची साक्ष आहे. इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां दोन्ही साक्षी हव्यात; एकीवरून कारखाना समजतो, दुसरीवरून समाज समजतो. ज्या संग्रहांत केवळ कोरे चाकू आहेत, तो दुकानाचा इतिहास सांगेल, लोकांचा नव्हे.

बनविणाऱ्यांची परंपराहि अगदीं तुटलेली नाहीं. २००६ सालीं पेन्सिल्व्हानियांतील टायटसव्हिल येथें एक कारखाना निघाला आणि जुन्या घाटाचे बार्लो पुन्हा बनूं लागले. शेफील्डचा स्टॅन शॉ हा छोटा उस्ताद १९२६ सालीं जन्मला व १९४१ च्या सुमारास, मिसरूडहि फुटलें नसतां, या धंद्यांत शिरला. त्यानें शंभरीला वीस वर्षें कमी इतका काळ खिशांतले चाकू हातानें बनविले. उतारवयांत तो शेफील्डच्या केलहॅम आयलंड या संग्रहालयांतच बसून काम करी. येणारे-जाणारे लोक जुने चाकू पाहतां पाहतां जिवंत कारागीरहि पाहत. २०२१ सालीं तो वारला. त्याच्या हाताखालून गेलेल्या चाकूंचे नमुने उरले आहेत. तो हात मात्र संग्रहांत ठेवतां येत नाहीं.

म्हणूनच चाकू जमविण्याचा छंद हा निव्वळ लोखंड व हाडें गोळा करण्याचा उद्योग नव्हे. ज्या चाकूवर कारागिराचें नांव नाहीं, त्याच्या खुणेवरून गांव शोधावें. गांवावरून नदी, दगड आणि धूळ शोधावी. आणि धुळींत पस्तिशीला संपलेल्या माणसाची आठवण ठेवावी. टॉमनें आपला बार्लो हातीं पडतांच प्रथम घरांतील कपाटावर त्याची परीक्षा पाहण्यास सुरुवात केली, असें ट्वेननें लिहिलें आहे. चाकू बोथट होता, तरी कपाटावर ओरखडे उठलेच. पण चवलीच्या त्या वस्तूवर एका मुलाचें जें प्रेम बसलें, त्याची किंमत अजून कोणत्याहि लिलांवांत ठरलेली नाहीं.